नोंद, विलंब आणि विश्वास : जासईच्या फेरफार नोंदवहीपासून संबंधात्मक डेटाबेसपर्यंत लेखनगतीचा इतिहास

सारांश

माहितीच्या साठ्यात नवी नोंद मंद गतीने लिहिली जाणे हा प्रश्न संगणकयुगात निर्माण झाला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. महाराष्ट्राच्या महसुली नोंदव्यवस्थेचा इतिहास पाहता हा समज टिकत नाही. गाव नमुना सहा, सात, बारा आणि आठ-अ यांच्या रचनेत तोच प्रश्न एका शतकापूर्वी उभा राहिला होता आणि त्यावरची उत्तरेही बऱ्याच अंशी सारखीच होती. नवी मुंबई प्रकल्पासाठी जमिनी संपादित झालेल्या उरण तालुक्यातील जासई परिसराच्या संदर्भात प्रस्तुत निबंधात या दोन्ही व्यवस्थांचा तौलनिक विचार केला आहे. मंद लेखनाचे निदान करताना संरक्षक विलंब आणि निरर्थक विलंब यांत भेद करणे अत्यावश्यक ठरते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : फेरफार, सातबारा, संबंधात्मक डेटाबेस, लेखनगती, भूसंपादन, जासई

१. प्रस्तावना

लिहिणे आणि वाचणे या दोन क्रिया कोणत्याही दप्तराच्या मुळाशी असतात. यांपैकी वाचण्याच्या सोयीकडे व्यवस्थेचे लक्ष अधिक असते. सूची, अनुक्रमणिका, प्रती, गोषवारे ही सर्व साधने वाचणाऱ्यासाठी निर्माण होतात. परंतु प्रत्येक सूची अद्ययावत ठेवावी लागते, प्रत्येक प्रतीत बदल उतरवावा लागतो आणि हे सारे काम लिहिणाऱ्याच्या वाट्याला येते. वाचन जितके सुलभ, तितके लेखन जड, हा दप्तरव्यवस्थेतील जुना व्यवहार आहे. संगणकीय डेटाबेसमध्ये तो बदललेला नाही. त्याचे एकक मात्र दिवसांऐवजी सेकंदाचा हजारावा भाग असे झाले आहे.

जासई हे या विचारासाठी केवळ निमित्तमात्र गाव नाही. नवी मुंबईच्या निर्मितीसाठी १७ मार्च १९७० रोजी सिडको या महामंडळाची स्थापना झाली. ठाणे, पनवेल व उरण परिसरातील ९५ गावांच्या जमिनी या प्रकल्पाच्या कक्षेत आल्या. प्रकल्पग्रस्तांच्या लढ्याचे नेते दि. बा. पाटील यांचा जन्म जासई येथेच १९२६ साली झाला. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी या परिसरात झालेल्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले. या लढ्याचा राजकीय व सामाजिक अंगांनी विचार झालेला आहे. ज्या जमिनीसाठी हा संघर्ष झाला, तिच्यावरील हक्क ज्या कागदावर लिहिला, बदलला आणि कंसात टाकला गेला, त्या कागदाच्या रचनेचा विचारही तितकाच महत्त्वाचा आहे.

२. हक्कनोंदीची घडण

एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांच्या पुढाकाराने जी मोजणी व आकारणी पद्धती रूढ झाली, तिचा हेतू प्रामुख्याने महसूल निश्चित करणे हा होता. सारा कोणाकडून घ्यावयाचा, एवढे सरकारला समजले की काम भागत असे. जमिनीत आणखी कोणाचा हिस्सा आहे, कोणाकडे गहाण आहे, कूळ कोण आहे, हे प्रश्न त्या नोंदीच्या कक्षेबाहेर राहत. ही उणीव दूर करण्यासाठी १९०३ साली मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा स्वतंत्र कायदा करण्यात आला. पुढे १९१३ साली त्यातील तरतुदी १८७९ च्या जमीन महसूल संहितेत समाविष्ट झाल्या. गावच्या हिशेबाचे नमुने निश्चित करणारी अँडरसन यांची नियमपुस्तिका महसुली कर्मचाऱ्यांच्या पिढ्यांनी आधारभूत मानली. स्वातंत्र्योत्तर काळात महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिने हीच चौकट पुढे चालविली.

या चौकटीत चार नमुने कळीचे आहेत. गाव नमुना सहा म्हणजे फेरफार नोंदवही. खरेदी, वारसा, वाटणी, गहाण, संपादन अशा कारणांनी हक्कात झालेला प्रत्येक बदल प्रथम येथे अनुक्रमाने लिहिला जातो. गाव नमुना सात हा अधिकार अभिलेख आणि नमुना बारा ही पिकांची नोंद. हे दोन्ही एकत्र येऊन 'सातबारा' हा सर्वपरिचित शब्द बनला. नमुना आठ-अ खातेदारनिहाय असतो आणि एका व्यक्तीच्या नावे गावात कोणकोणते गट आहेत, हे तो सांगतो.

संहितेच्या कलम १४९ नुसार हक्क संपादन करणाऱ्याने तीन महिन्यांच्या आत त्याची वर्दी द्यावयाची असते. कलम १५० नुसार तलाठ्याने वर्दी फेरफार नोंदवहीत लिहून तिची प्रत चावडीवर लावायची आणि हितसंबंधितांना लेखी सूचना द्यायची. हरकतीसाठी पंधरा दिवसांचा अवधी दिला जातो. हरकत आल्यास ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत जाते व तिचा निर्णय स्वतंत्रपणे होतो. हरकत न आल्यास मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. कागदी दप्तरात प्रमाणित होईपर्यंत सातबारावरील बदल पेन्सिलीने दर्शविण्याची आणि प्रमाणित झाल्यावरच तो शाईने पक्का करण्याची रीत होती. जुन्या धारकाचे नाव खोडले जात नसे, त्याला कंस केला जाई आणि शेजारी फेरफाराचा क्रमांक लिहिला जाई. कंसांची गर्दी वाढली की साधारणतः दर दहा वर्षांनी सातबाराचे पुनर्लेखन होई.

या रचनेत तीन तत्त्वे अंतर्भूत आहेत. बदल आधी क्रमवार वहीत आणि मग मूळ अभिलेखात, हे पहिले तत्त्व. कच्ची नोंद व पक्की नोंद यांत स्पष्ट भेद, हे दुसरे. जुनी स्थिती नष्ट न करता तिच्यावर नवी स्थिती उभी करणे, हे तिसरे. अर्धशतकानंतर संगणकशास्त्रज्ञांना आपल्या गरजेतून हीच तत्त्वे स्वतंत्रपणे मांडावी लागली.

३. जासई परिसर : नोंदींवरील ताण

जासई परिसरातील समाज मुख्यत्वे आगरी-कोळी. भातशेती, मिठागरे व खाडीकाठची खार जमीन यांवर त्याची उपजीविका होती. एकेका गटात पिढ्यान्‌पिढ्यांचे अनेक सहहिस्सेदार असणे ही कोकणातील नित्याची बाब आहे. घरातील वडीलधाऱ्याच्या निधनानंतर वारसांची नोंद ताबडतोब करून घेण्याची निकड सामान्य काळात भासत नसे. जमीन कसणाऱ्याच्या ताब्यात असे आणि कागदावर आजोबांचे नाव राहिले तरी पेरणी अडत नसे.

भूसंपादनाने ही स्थिती एका झटक्यात पालटली. संपादनात नोटीस कागदावरील नावाने निघते, मोबदला कागदावरील नावाने ठरतो आणि निवाड्यातील हिस्से कागदावरूनच काढले जातात. त्यामुळे वर्षानुवर्षे न लिहिलेले फेरफार एकाच वेळी लिहिण्याची वेळ आली. त्याशिवाय गटाचा काही भागच संपादित झाला असल्यास भूमी अभिलेख खात्याकडून कमी-जास्त पत्रक तयार व्हावे लागते. ते आल्याखेरीज तलाठ्याला क्षेत्र वजा करून नवा हिस्सा लिहिता येत नाही. म्हणजे एका नोंदीसाठी भूसंपादन अधिकारी, भूमी अभिलेख कार्यालय आणि तलाठी अशी तीन दप्तरे परस्परांवर अवलंबून राहतात. विलंबाचे कारण तलाठ्याच्या टेबलावर दिसते, पण ते निर्माण अन्यत्र झालेले असते. ही बाब पुढील विवेचनात महत्त्वाची ठरेल.

१९८४ च्या लढ्यातून प्रकल्पग्रस्तांना संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याचे धोरण साकार झाले आणि १९९० साली त्याला शासनमान्यता मिळाली. जवाहरलाल नेहरू बंदर २६ मे १९८९ रोजी कार्यान्वित झाले. त्या बंदराच्या प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के भूखंडांची इरादापत्रे पंतप्रधानांच्या हस्ते १६ ऑगस्ट २०१४ रोजी देण्यात आली. संपादन आणि भूखंड यांच्या दरम्यान एक पिढी उलटून गेली होती. या अंतराचा अर्थ दप्तराच्या दृष्टीने विलक्षण आहे. संपादनाच्या वेळी ज्या नावाला कंस झाला, ते नाव त्या क्षणी निरुपयोगी ठरल्यासारखे होते. पुढे भूखंडाचा हक्क सांगताना तेच कंसातील नाव मूळ आधार बनले. नातवाला आपला हक्क सिद्ध करण्यासाठी चालू सातबारा पुरेसा नव्हता, कारण त्यावर घरातील कोणाचेच नाव उरले नव्हते. उपयोगी पडणार होता तो जुना उतारा, त्यावरचा कंस आणि कंसाशेजारचा फेरफार क्रमांक. लेखन जलद व्हावे म्हणून जुनी नावे सरळ खोडून टाकण्याची पद्धत असती, तर हा धागाच तुटला असता.

याची दुसरी बाजूही नमूद करणे आवश्यक आहे. पुनर्लेखनाच्या वेळी नाव उतरवायचे राहून जाणे, क्षेत्राचा आकडा चुकणे, फेरफाराचा अंमल सातबारावर होऊन आठ-अवर न होणे, असे दोष राज्यभरच्या महसुली दप्तरांत आढळत आले आहेत. लेखनातील चुका दुरुस्त करण्यासाठी संहितेत कलम १५५ ची स्वतंत्र तरतूद असणे हेच त्यांच्या वारंवारतेचे द्योतक आहे. प्रमाणित नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानावी, असे कलम १५७ सांगते. फेरफार नोंदीने मालकी निर्माण होत नाही, हे न्यायालयांनी वेळोवेळी स्पष्ट केले असले, तरी व्यवहारात नोंद नसलेल्या माणसाला स्वतःचे अस्तित्वच आधी सिद्ध करावे लागते.

४. संबंधात्मक डेटाबेसचा उदय

आय.बी.एम.च्या सॅन होझे येथील प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एडगर कॉड यांनी १९७० साली संबंधात्मक प्रतिमानाचा आपला सुप्रसिद्ध निबंध प्रसिद्ध केला. माहिती परस्परसंबंधित सारण्यांत मांडावी, एक वस्तुस्थिती एकाच ठिकाणी लिहावी आणि तिचे अन्य आविष्कार तीवरून सिद्ध करावेत, हा त्यांच्या मांडणीचा आशय होता. एकच वस्तुस्थिती दोन ठिकाणी लिहिली की एक ठिकाण बदलते व दुसरे तसेच राहते, हा धोका त्यांनी ओळखला होता. सातबारा बदलून आठ-अ न बदलण्याचा दोष हे याच धोक्याचे महसुली उदाहरण होय.

सत्तरच्या दशकात आय.बी.एम.च्या सिस्टिम आर या प्रकल्पात हे प्रतिमान प्रत्यक्षात उतरले. त्या कामात जिम ग्रे यांनी ट्रान्झॅक्शन या संकल्पनेला भक्कम रूप दिले. एखादा व्यवहार पूर्णपणे नोंदला जावा किंवा मुळीच नोंदला जाऊ नये, आणि एकदा पक्का झाल्यावर वीज गेली तरी तो नष्ट होऊ नये, ही त्यामागील अट आहे. ती पाळण्यासाठी प्रत्येक बदल प्रथम एका क्रमवार नोंदफितीत, म्हणजे लॉगमध्ये, लिहिला जातो. मूळ सारणीतील पाने सवडीने बदलली जातात. मध्येच बिघाड झाल्यास लॉग वाचून अपुरे काम पूर्ण करता येते वा मागे घेता येते. या तंत्राची आज प्रमाणभूत मानली जाणारी एरीज ही पद्धती आय.बी.एम.मधील भारतीय शास्त्रज्ञ सी. मोहन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली प्रसिद्ध केली. या विषयाच्या जगभर वापरल्या जाणाऱ्या पाठ्यपुस्तकाचे एक लेखक एस. सुदर्शन हे पवईच्या आय.आय.टी.तील प्राध्यापक आहेत, ही बाबही येथे नोंदविण्याजोगी आहे.

लॉग आणि फेरफार नोंदवही यांचे साम्य आता स्पष्ट व्हावे. दोन्ही क्रमवार आहेत, दोन्ही मूळ अभिलेखाच्या आधी लिहिल्या जातात आणि मूळ अभिलेखाविषयी शंका निर्माण झाल्यास दोन्हींकडे परतावे लागते. पेन्सिलीची नोंद म्हणजे अद्याप पक्के न झालेले ट्रान्झॅक्शन, तर मंडळ अधिकाऱ्याची सही म्हणजे ते पक्के होण्याचा क्षण. आठ-अ हा मुख्य सारणीवरील इंडेक्ससारखा आहे, कारण गट क्रमांक माहीत नसताना नावावरून शोध घेण्याची सोय तो करतो. कंस केलेले नाव हे जुन्या आवृत्तीसारखे आहे. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ओळ बदलली की जुनी आवृत्ती लगेच पुसली जात नाही, नवी लिहिली जाते व जुन्या आवृत्त्यांची साफसफाई मागाहून होते. ही साफसफाई वेळेवर न झाल्यास सारणी फुगते आणि लेखन मंदावते. दहा वर्षांचे पुनर्लेखन याच गरजेतून आले होते. साम्याला एक मर्यादाही आहे. सातबारावरील कंस कायदेशीर पुरावा म्हणून जपला जातो, तर डेटाबेस गरज संपताच जुनी आवृत्ती टाकून देतो. म्हणून जमिनीच्या डेटाबेसमध्ये इतिहास जपण्याची तजवीज स्वतंत्रपणे करावी लागते. यंत्र ती आपोआप करीत नाही.

५. मंद लेखनाचे निदान

डेटाबेसमध्ये नोंदी मंद गतीने लिहिल्या जाऊ लागल्या की अधिक शक्तिशाली यंत्र घेण्याची मागणी सर्वप्रथम पुढे येते. ती बहुधा अकाली असते. आधी वेळ नेमका कोठे खर्च होतो हे मोजणे आवश्यक आहे. लेखन चार ठिकाणी खोळंबू शकते : गणन करणाऱ्या प्रोसेसरपाशी, डिस्कपाशी, दुसऱ्या व्यवहाराने धरून ठेवलेल्या लॉकपाशी आणि दोन यंत्रांमधील जाळ्यात. प्रोसेसर व डिस्क दोन्ही निवांत असताना लेखन खोळंबले असेल, तर दोष लॉकमध्ये किंवा जाळ्यात शोधावा लागतो. तेथे मोठे यंत्र घेतल्याने काहीही साधत नाही. कमी-जास्त पत्रकाची वाट पाहणाऱ्या तलाठ्याला दुसरे टेबल दिल्याने जसा फरक पडत नाही, तसेच हे आहे.

डिस्कचा विचार साध्या गणिताने समजतो. मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी चुंबकीय डिस्क सेकंदाला १२० फेरे घेते. लॉगचे पान खरोखर डिस्कवर उतरल्याची खात्री प्रत्येक व्यवहाराने स्वतंत्रपणे करून घ्यायची म्हटले, तर प्रत्येक खात्रीस साधारण एक फेरा लागतो. म्हणजे सेकंदाला सुमारे १२० व्यवहारच पक्के होतात. एक लाख ओळी एकेक करून पक्क्या केल्यास केवळ या प्रतीक्षेत सुमारे १४ मिनिटे जातात. त्याच ओळी हजारांच्या गटाने पक्क्या केल्यास खात्री १०० वेळाच करावी लागते आणि ही प्रतीक्षा एका सेकंदाच्या आत येते. फिरते भाग नसलेल्या आधुनिक डिस्कवर हे आकडे पुष्कळ कमी होतात, परंतु तत्त्व कायम राहते. शिवाय अनेक वापरकर्त्यांच्या स्वतंत्र व्यवहारांची खात्री डेटाबेस स्वतःच एकत्र करू शकतो. त्यात कोणाच्याही व्यवहाराचे स्वातंत्र्य जात नाही.

दुसरे कारण इंडेक्सचे. सारणीवर पाच इंडेक्स असतील, तर एक ओळ लिहिताना सहा ठिकाणी लेखन होते. सारणीतील ओळ शेवटी जोडली जाते, पण इंडेक्समधील नोंद आपल्या क्रमाच्या जागी जावी लागते आणि ती जागा डिस्कवर कोठेही असू शकते. कोणे एके काळी एखाद्या अहवालासाठी तयार केलेला व आता कोणीही न वापरणारा इंडेक्स प्रत्येक लेखनाकडून आपला कर वसूल करीत राहतो. असा इंडेक्स काढून टाकणे हा सर्वांत निर्धोक उपाय होय. याउलट काही वेळा इंडेक्सचा अभाव लेखन मंद करतो. ज्या सारणीकडे दुसरी सारणी निर्देश करते, तिच्यातील ओळ काढताना ती कोठे वापरात आहे काय हे तपासावे लागते. निर्देश करणाऱ्या स्तंभावर इंडेक्स नसेल, तर या तपासणीसाठी संपूर्ण सारणी चाळावी लागते.

तिसरे कारण लॉकचे. फेरफार क्रमांक गावनिहाय अनुक्रमाने द्यावयाचा असतो. पुढचा क्रमांक एकाच ओळीत ठेवला असेल, तर एका गावच्या सर्व नोंदी त्या ओळीपाशी रांगेत उभ्या राहतात. एखाद्या कर्मचाऱ्याने क्रमांक घेऊन व्यवहार अर्धवट उघडा ठेवला आणि तो अन्य कामाला लागला, तर मागची सर्व रांग थांबते. उपाय असा की माहिती भरण्याचे काम आधी पुरे करावे, क्रमांक अखेरच्या क्षणी घ्यावा आणि व्यवहार तत्काळ पक्का करावा. चौथे कारण ठरावीक अंतराने येणाऱ्या खोळंब्याचे. स्मृतीत बदललेली पाने डेटाबेस मधूनमधून डिस्कवर उतरवितो. ती एकदम उतरविली तर काही क्षण सारे लेखन अडते. हे काम पसरून करण्याची तजवीज असते आणि ती तपासून पाहावी लागते.

या सर्वांपेक्षा वेगळा असा एक उपाय नेहमी सुचविला जातो : डिस्कवर उतरल्याची खात्री करणेच बंद करावे. यामुळे गती अनेक पटींनी वाढते, हे खरे. परंतु वीज गेली तर वापरकर्त्याला 'नोंद झाली' असे सांगितलेले व्यवहार नाहीसे झालेले असू शकतात, आणि प्रसंगी अभिलेखाची पानेच विसंगत होऊ शकतात. पुन्हा निर्माण करता येण्याजोग्या तात्पुरत्या माहितीसाठी हा मार्ग चालेल, हक्काच्या नोंदीसाठी तो सर्वथा अयोग्य आहे.

६. महाराष्ट्रातील संगणकीकरणाचा प्रवास

भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्रपुरस्कृत योजना १९८८-८९ साली देशातील आठ जिल्ह्यांत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. महाराष्ट्रातील वर्धा जिल्हा त्यात होता. २००८ साली राष्ट्रीय भूमी अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रम आला व २०१६ पासून तो डिजिटल इंडिया कार्यक्रमाचा भाग बनला. महाराष्ट्रात प्रारंभी तालुका पातळीवरील संगणकांवर सातबारा साठविला जात असे. पुढे ई-फेरफार प्रणालीत ही माहिती मध्यवर्ती डेटा सेंटरकडे नेण्यात आली आणि दस्तनोंदणी कार्यालयाशी जोडणी झाली. नोंदणीकृत खरेदीखताची वर्दी तलाठ्याकडे प्रणालीतूनच जाऊ लागली. २०१७ साली चावडीवाचनाच्या मोहिमेतून संगणकीकृत सातबारा खातेदारांसमोर वाचून चुका हुडकण्याचा प्रयत्न झाला. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध झाला. राज्यातील सातबारांची संख्या अडीच कोटींहून अधिक आहे, हे लक्षात घेता या कामाची व्याप्ती ध्यानात येते.

या स्थित्यंतरात 'सर्व्हर चालत नाही' हे वाक्य तलाठी कार्यालयांत परवलीचे झाले. नोंदी विखुरलेल्या असताना ताणही विखुरलेला होता. त्या एकत्र आल्यावर सर्व गावांचा ताण एका जागी आला आणि गावापासून डेटा सेंटरपर्यंतच्या जाळ्यावरचे अवलंबित्व वाढले. केंद्रीकरणाने सुसंगती मिळाली, तिची किंमत लेखनगतीत मोजावी लागली.

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीने हा प्रश्न नव्या रूपात आणला. नमुना बारामधील पिकाची नोंद पूर्वी तलाठी करीत असे, ती आता शेतकरी स्वतः मोबाईलवरून छायाचित्रासह करू लागला. लाखो लेखक एकाच हंगामात, तेही अखेरच्या मुदतीजवळ, एकाच डेटाबेसकडे धाव घेतात. मुदत वाढवून देण्याची वेळही आली. मात्र या प्रणालीत एक विचारपूर्वक केलेली योजना आहे. जाळे उपलब्ध नसल्यास नोंद मोबाईलमध्येच राहते व मागाहून पाठविता येते. नोंद करण्याची क्रिया आणि ती मध्यवर्ती अभिलेखात उतरण्याची क्रिया यांतील ही फारकत मंद लेखनावरील मान्य उपायांपैकी एक आहे.

२०२५ साली राबविण्यात आलेली 'जिवंत सातबारा' मोहीम या इतिहासातील आणखी एक टप्पा होय. मृत खातेदारांच्या नावांऐवजी वारसांची नावे लावण्याचे साचलेले काम एका मोहिमेत गटागटाने हाती घेण्यात आले. डेटाबेसच्या परिभाषेत हे समूहलेखन ठरते. जासईसारख्या गावांच्या अनुभवाच्या प्रकाशात या मोहिमेचे मोल सहज पटते. वारसनोंद वेळेवर झालेली असली, तर संपादनाच्या नोटिशीला कोणी उत्तर द्यायचे, हा प्रश्न कुटुंबाला ऐन संकटात पडत नाही. तलाठी हे पदनाम २०२४ साली बदलून ग्राम महसूल अधिकारी असे झाले, परंतु नोंद लिहिणाऱ्याची जबाबदारी बदललेली नाही.

७. कोणता विलंब दूर करावा?

दोन्ही व्यवस्थांच्या या इतिहासातून एक भेद ठळकपणे पुढे येतो. काही विलंब कोणाचे तरी रक्षण करतो. हरकतीचे पंधरा दिवस, डिस्कवर उतरल्याची खात्री, निर्देशांची तपासणी, क्षेत्रांची बेरीज जुळविणे हे सर्व या वर्गात येतात. काही विलंब कोणाचेच रक्षण करीत नाही. न वापरला जाणारा इंडेक्स, अर्धवट उघडा ठेवलेला व्यवहार, एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात न पोहोचलेले पत्रक, एकेक ओळ पक्की करण्याचा अट्टहास हे दुसऱ्या वर्गात मोडतात. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात, कारण दोन्ही प्रसंगी त्याला वाटच पाहावी लागते.

संगणकीकरणानंतर फेरफाराची माहिती भरणे काही मिनिटांचे काम झाले, तरी हरकतीचा पंधरा दिवसांचा अवधी कायम ठेवला गेला, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. तंत्राच्या दृष्टीने तो अवधी शून्यावर आणणे शक्य होते. परंतु तो यंत्राच्या मर्यादेमुळे आलेला नव्हताच. गावातील ज्या बहिणीचे नाव वर्दीत वगळले गेले, जो भाऊ नोकरीनिमित्त परगावी आहे, त्यांना बातमी कळावी व बोलता यावे, यासाठी तो आहे. त्याच वेळी हरकत नसलेली नोंद अवधी संपल्यावरही महिनोन्‌महिने प्रमाणित न होणे याला कोणतेही समर्थन नाही. पहिल्या विलंबाला कायद्याने आरंभ व शेवट दिलेला आहे, दुसऱ्याला शेवटच नाही. संरक्षक विलंब ओळखण्याची हीच कसोटी मानता येईल : तो कोणाच्या रक्षणासाठी आहे हे सांगता आले पाहिजे आणि तो केव्हा संपतो हेही सांगता आले पाहिजे. लॉकला कालमर्यादा असावी, हा डेटाबेसमधील नियम याच कसोटीवर उतरतो.

८. निष्कर्ष

मंद लेखनाचा प्रश्न हा मूलतः यंत्राचा नसून रचनेचा आहे, असे या विवेचनावरून म्हणता येते. वाचनाच्या प्रत्येक सोयीची किंमत लेखनाला मोजावी लागते, हे फेरफार नोंदवही व आठ-अ यांच्या परस्परसंबंधात जितके खरे आहे, तितकेच ते सारणी व इंडेक्स यांच्या बाबतीतही खरे आहे. निदानाची सुरुवात मोजमापाने व्हावी, निरर्थक विलंब निःसंकोच दूर करावा, नोंदी गटाने लिहाव्यात, परंतु खात्री, तपासणी आणि इतिहास यांना हात लावण्यापूर्वी त्यांनी कोणाचे रक्षण होते हे विचारावे.

जासई परिसराचा इतिहास या विचाराला सामाजिक अधिष्ठान देतो. येथे न लिहिलेल्या वारसनोंदीने कुटुंबे अडचणीत आली आणि न पुसलेल्या कंसांनी त्यांच्या पुढच्या पिढीला हक्काचा आधार दिला. म्हणजे उशिरा लिहिणे आणि घाईने पुसणे या दोन्हींची किंमत अखेर शेतकऱ्यानेच मोजली असती. २०२४ च्या जानेवारीत अटल सेतू वाहतुकीस खुला झाल्यापासून या परिसरातील जमिनींचे व्यवहार व नोंदी यांना नवे महत्त्व आले आहे. अशा वेळी नोंदप्रणालीची रचना करणाऱ्या अभियंत्याने महसुली दप्तराचा इतिहास आणि महसूल अधिकाऱ्याने डेटाबेसची कार्यपद्धती जाणून घेणे उभयतांच्या हिताचे ठरेल. महाविद्यालयांतील इतिहास, विधी आणि संगणकशास्त्र या विभागांना एकत्र अध्ययन करण्यासाठी याहून निकटचा विषय क्वचितच सापडेल.